पणत्यांनी घातलेले कुलूप

किल्ली आत राहून दार लागले, की माणूस शेजाऱ्यांच्या थट्टेचा विषय होतो. पण निदान घर समोर दिसत तरी असते! गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझे जे घर बंद पडले, ते चक्क दिसेनासेच झाले.

हे घर म्हणजे आमच्या मराठी विभागाचे संकेतस्थळ. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, जिथे दासोपंतांनी चारशे वर्षांमागे पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून ठेवले, तिथल्या मराठीच्या मास्तराला आपणही काहीतरी जपून ठेवावे असे वाटले तर नवल नाही. केज, धारूर, वडवणीकडच्या खेड्यांतून आमच्या विद्यार्थ्यांनी जात्यावरच्या ओव्या आवाजासकट टिपून आणल्या होत्या. गाणाऱ्या बहुतेक बाया ऊसतोडीला जाणाऱ्या. काही जणी आता हयात नाहीत.

काम असे गंभीर. पण सणासुदीला माझ्यातला हौशी गृहस्थ जागा होतो. संकेतस्थळावर पणत्या लुकलुकायला हव्यात, असे मनाने घेतले. ते चालते वर्डप्रेसवर. त्याला प्लगइन नावाची जोडकामे लावता येतात आणि कितीतरी फुकट मिळतात. फुकटचे पाहून मी बटण दाबले. पणत्या लागल्या नाहीत. पांढऱ्या पानावर गंभीर बिघाड झाल्याची एक कोरडी ओळ तेवढी उमटली. पणत्या काढून टाकायला व्यवस्थापकाच्या दाराने आत शिरू म्हटले, तर तिथेही तीच ओळ!

मी ते कोणालाच सांगितले नाही. पण दुसऱ्या दिवशी वडवणीकडून फोन आला.

“सर, माय बोलंना झाली हो.”

तिची आई श्रावणात गेली होती. आईचा आवाज आमच्या संकेतस्थळाखेरीज कुठेच नव्हता आणि ही रोज रात्री तो ऐकत असे. परवा मुकादमाची गाडी येणार, टोळी कारखान्यावर निघणार. मी “बघतो” म्हणालो. पणत्यांचे सांगायचा धीर झाला नाही.

हे संकेतस्थळ उभारणारा माझा विद्यार्थी आता पुण्यात नोकरीला असतो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, “सर, घाबरू नका. ओव्यांचे शब्द डेटाबेसमध्ये आहेत, आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये. पणत्यांनी त्यांना हात लावलेला नाही.” पान मागितले की वर्डप्रेस आधी चालू असलेल्या सगळ्या प्लगइनांना हाक मारते. त्यातले एक अडखळून पडले, की मागची सगळी रांग खोळंबते. २०१९ पासून अशा वेळी व्यवस्थापकाला आत शिरण्याचा दुवा मेलने येतो म्हणे. तो गेला असणार, पण ह्याच्या कॉलेजातल्या जुन्या पत्त्यावर. आणि त्याचा पासवर्ड हा केव्हाच विसरलेला!

उरली जागेची मालकी. जागेचे वार्षिक भाडे मी भरतो. त्याची पावती उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडायला रात्रीचे अकरा वाजले. पावतीवरचा क्रमांक घातला, माझ्याच फोनवर आलेला ओटीपी घातला, आणि मागचे दार उघडले.

“‘प्लगइन्स’ नावाचे फोल्डर दिसतेय? त्याचे नाव बदला. काहीही ठेवा.”

“एवढेच?”

“एवढेच. नाव बदलले की वर्डप्रेसला एकही प्लगइन सापडत नाही. मग ते त्यांना वगळून पुढे जाते.”

जन्मभर विशेषनामे शिकवली, पण नावाचा हा महिमा ठाऊक नव्हता. मी नाव बदलले. पुढचे दार उघडले. आत प्लगइनांच्या यादीत सारी बंद झालेली दिसली. मग फोल्डरला जुने नाव दिले, पणत्या पुसून टाकल्या आणि बाकीची एकेक करून सुरू केली. प्रत्येक वेळी श्वास रोखून.

संकेतस्थळाची संपूर्ण प्रत स्वतःकडे उतरवून घेतली, व्यवस्थापक म्हणून माझा पत्ता घातला, तेव्हा पहाट होत होती.

सकाळी तिला फोन केला. आवाजाची फाइल तिच्याच फोनमध्ये पाठवली. कोपीवर रेंज असो वा नसो. शेवटी न राहवून पणत्यांची कबुलीही दिली. तिला त्यात फारसा रस दिसला नाही. “मध्ये खोकला आलाय,” मी म्हणालो, “पोरं म्हणतात, तो काढून आवाज स्वच्छ करता येईल.”

“नगं, सर. खोकला ऱ्हाऊ द्या. तो मायचाच हाय.”

मागे गाडीचा हॉर्न वाजत होता. तिने फोन ठेवला.