एल्को : गुराख्यांच्या कवितांचे गाव

काऊबॉय म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो सिनेमातला, कमरेला पिस्तूल लटकवलेला घोडेस्वार. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या एल्को गावी मात्र जानेवारीअखेर वेगळेच काऊबॉय भेटतात. बाहेर कडाक्याची थंडी असते आणि सभागृहात उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा एखादा गुराखी हॅट सावरत स्वतःची कविता म्हणत असतो.

सुमारे वीस हजार वस्तीचे हे गाव रेल्वे आली तेव्हा, १८६८-६९ मध्ये वसले. भोवताली मैलोन्‌मैल कुरणे. गुरांमागे दिवसचे दिवस काढणारे गुराखी रात्री शेकोटीभोवती यमके जुळवून आपली सुखदुःखे सांगत. पुष्कळशी कविता तोंडपाठ असे. ती विसरली जाऊ नये म्हणून हॅल कॅनन आणि इतर लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये येथे पहिला मेळावा भरवला. मुहूर्त जानेवारीचा, कारण गाई विण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गुराख्यांना थोडी उसंत असते. याच परिसरात गुरे राखणारा वॅडी मिचेल पुढे कवी म्हणून देशभर गाजला. २००० साली अमेरिकी सिनेटने या मेळाव्याला 'राष्ट्रीय' म्हणून मान्यता दिली.

शब्दांइतकाच येथे हातांच्या कसबाला मान आहे. जी. एस. गार्सिया या कारागिराने घडवलेल्या खोगिराला १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. त्याच्याकडे काम केलेल्या जो कॅप्रिओलाने १९२९ मध्ये स्वतःचे दुकान थाटले. कातड्यावर फुलापानांची नक्षी कोरलेली खोगिरे पाहताना पर्यटक तेथे रेंगाळतात.

जेवायला बास्क खानावळीत जावे. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरील डोंगराळ भागातून मेंढपाळ म्हणून आलेल्या लोकांची ही परंपरा. १९१० पासूनच्या स्टार हॉटेलात सूप, सॅलड, बटाटे मोठ्या भांड्यांतून येतात आणि सारे वाटून घेतात.

आज एल्कोच्या परिसरात मोठा पगार मिळतो तो सोन्याच्या खाणींत. गुरांवर पोट भरणारे थोडेच उरले आहेत. म्हणूनच या मेळाव्यात तरुण गुराखी कविता म्हणायला उभा राहिला की वृद्ध श्रोते सरसावून बसतात.

सॉल्ट लेक सिटीहून महामार्गाने पश्चिमेला सुमारे ३७० किलोमीटरवर एल्को लागते. हिवाळ्यात रस्ते निसरडे असतात. रुबी पर्वतात भटकायचे असेल तर उन्हाळा बरा. कविता ऐकायच्या असतील तर मात्र जाड कोट घेऊन जानेवारीतच जावे आणि खोली आधीच राखून ठेवावी.