खंड पडला म्हणून हक्क जावा का?

वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

ती. दादांस,

कॉलेज मधेच सोडलेली मुलगी परत आली तर तिची फी सरकारने का भरावी, हा तुमचा प्रश्न मी उडवून लावत नाही. तुम्ही महाविद्यालय विकास समितीवर आहात, पैशाचा हिशेब तुम्हाला द्यावा लागतो. पण इथे नियमच चुकला आहे असं माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या पात्र मुलींसाठी ही सवलत १०० टक्के झाली. फार मोठं पाऊल आहे हे. पण महाडीबीटी पोर्टलवर याच योजनेच्या अटींत आणखी एक ओळ आहे : अभ्यासक्रम चालू असताना २ किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा. याचा परिणाम बघा. बारावीनंतर ४ वर्षं घरी राहून पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारीला ही अट आडवी येत नाही. पहिलं वर्ष पास होऊन मग २ वर्षं थांबलेली मात्र दुसऱ्या वर्षाला परत आली की अडते. म्हणजे जिने एक वर्ष मेहनत करून पदरात पाडून घेतलं, तिचंच नुकसान. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात तर मधेच बाहेर पडलेल्याला ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि ७ वर्षांत पदवी पूर्ण करता येते. आयोग परत या म्हणतो आणि फीची योजना त्याआधीच हात आखडता घेते.

आता खंड का पडतो ते आपल्या तालुक्यावरून पाहू. प्रवेश आणि पेरणी एकाच हंगामात येतात. फी भरायच्या वेळी हातातला पैसा बियाणं, खत, मजुरीत गेलेला असतो, आणि कापूस बाजारात जायला दिवाळी उलटते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातला कापूस खाल्ला. असा हंगाम गेला की उधारी पुढच्या पिकावर जाते, आणि पुढचं पीक बरं आलं तरी ते आधी सावकार आणि कृषी केंद्रवाल्याचं देणं फेडतं. मग मुलीच्या फीची पाळी तिसऱ्या वर्षी येते. २ वर्षांची मर्यादा आखताना हे गणित कुणी मांडलं असेल असं वाटत नाही. मुलींच्या बाबतीत लग्न आणि बाळंतपण वेगळंच.

तुम्ही म्हणाल, आज परत आली, उद्या पुन्हा सोडेल, सरकारचा पैसा वाया. पण पैसा तर एकेका वर्षाचाच मिळतो. ३ वर्षांच्या पदवीला ३ वर्षांचीच मदत द्या, मधे कितीही काळ जावो. सलग शिकली असती तर एवढाच खर्च आला असता. खोटे प्रवेश घेतील ही भीती खरी आहे, मात्र त्यासाठी हजेरीची अट आधीच आहे, ती काटेकोर पाळा. मुक्त विद्यापीठ आहेच की, असंही कुणी म्हणेल. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने हजारो घरांत पदवी नेली, हे मोठं काम आहे. पण फार्मसीची प्रात्यक्षिकं घरबसल्या होत नाहीत, आणि जिने फार्मसीचं पहिलं वर्ष पास केलं तिने बी.ए. करावं, हे उत्तर नव्हे.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कुठलीच मुदत नसेल तर जुना अभ्यासक्रम बदलून जातो, परत आलेलीला नव्यात बसवणं कॉलेजला जमत नाही. म्हणून मुदत असावी, पण ती आयोगाचीच धरावी.

समितीच्या पुढच्या बैठकीत तुम्ही ठराव मांडावा अशी माझी विनंती आहे : खंडाची अट ३ वर्षांपर्यंत शिथिल करावी आणि मदत अभ्यासक्रमाच्या एकूण वर्षांपुरती मोजावी, असं उच्च शिक्षण संचालनालयाला आणि तंत्रशिक्षण संचालनालयाला कळवावं. तोवर कॉलेजच्या कार्यालयाने एवढं तरी करावं. दाखला काढून न्यायला आलेल्या मुलीला टी.सी. हातात देण्याआधी ही अट आणि परत येण्याची शेवटची तारीख कागदावर लिहून द्यावी. ठरावाचा मसुदा मी करून पाठवतो, त्यात तुम्हाला जे खटकेल ते बेलाशक खोडा.

आपला धाकटा भाऊ