गळावरची ओढ : नेहरू नगर ते बांद्राभान

पहिला दिवस : नेहरू नगर, भदभदा

गळाला लागलेल्या माशाची ओढ त्याच्या वजनावरून ठरत नाही. पोटातला वाताशय माशाला पाण्यात तोलून धरतो, त्यामुळे पाच किलोचा कटला निपचित पडला तर दोन बोटांनीही काठाकडे आणता येतो. तंगुसावर जो जोर जाणवतो तो स्नायूंचा, शेपटीचा आणि आडव्या अंगावर आदळणाऱ्या पाण्याचा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा अडथळा चौपट होतो आणि तो वेग टिकवायला आठपट शक्ती खर्चावी लागते. म्हणून माशांची तुलना न्यायाने करायची तर वजन सारखे, तंगूस सारखा, काठी तीच आणि पाणीही शक्यतो तेच हवे. पाच किलोच्या माशाची बढाई आणि एक किलोच्या माशाची आठवण शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

अशा तुलनेसाठी भोपाळचे नेहरू नगर फार सोयीचे आहे. वस्तीला लागूनच्या टेकडीवर भारतीय वन प्रबंधन संस्था उभी आहे. तिची दगडी, मांडूच्या वास्तूंची आठवण करून देणारी इमारत मराठी वास्तुविशारद अनंत राजे यांनी रचली. टेकडीच्या पायथ्याशी 1965 मध्ये बांधलेला भदभदा बंधारा आहे. बंधाऱ्याच्या एका अंगाला मोठ्या तलावाचे संथ पाणी पसरलेले, तर दुसऱ्या अंगाला, दरवाजे उघडले की, कलियासोत नदी खळाळत धावते. कलियासोत आणि केरवा ही धरणे हाकेच्या अंतरावर, आणि दोन तासांच्या रस्त्यावर नर्मदा. संथ पाण्यातला, झाडोऱ्यातला आणि ओढीच्या पाण्यातला मासा एवढ्या जवळजवळ क्वचितच भेटतो.

संथ पाण्याचे मानकरी म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. कणकेच्या किंवा सत्तूच्या गोळ्यावर तिघेही येतात, पण ओढतात वेगवेगळे. कटल्याचे डोके अवाढव्य, तोंड वर वळलेले. वरच्या थरातले बारीक जीव गाळून खाणे हे त्याचे काम, त्यासाठी धावावे लागत नाही. तो गळाला लागला की जडपणे, एका चालीत सरकत राहतो. हाताला दम लागतो, पण धक्का बसत नाही. रोहूचा बांधा निमुळता, खालचा ओठ झालरीचा. पहिल्या हिसक्यानंतर तो सरळ लांब पल्ला मारतो, थांबतो, पुन्हा निघतो. रोहू पाच मिनिटांत हरला असे वाटते आणि काठ दिसताच तो तिसरा पल्ला मारतो. मृगळ तळाचा आणि झटकन वळणारा. त्याच्या ओढीत अंतर कमी, हिसके जास्त. समान वजनाला रोहू कटल्यापेक्षा निःसंशय वरचढ आहे. कटल्याचा मोठा लौकिक त्याच्या थोराड वाढीतून आलेला आहे.

1959 मध्ये भारतात आणलेला गवत्या मासाही याच संथ पाण्यांतला. काठाजवळ येईपर्यंत तो जणू सोबतच चालत येतो आणि हातजाळी दिसली की उसळतो. बहुतेक तंगूस याच क्षणी तुटतात, कारण गळवाल्याने तोवर रिळाची पकड आवळून ठेवलेली असते.

दुसरा दिवस : कलियासोतच्या काठी

झाडोरा, बुडालेली खोडे आणि उथळ कोमट पाणी हा मरळाचा मुलूख. भोपाळच्या बोलीत तो सौल किंवा सांवल, मराठीत मरळ. डोक्यावर सापासारखे खवले, डोक्यात हवेतून श्वास घेणारे जादा इंद्रिय. ऑक्सिजन संपलेल्या डबक्यातही तो वर येऊन हवेचा घोट घेतो. त्याची शिकारीची रीत म्हणजे दबा धरून बसणे आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत झेप घेणे. एका झेपेसाठी घडलेले अंग दुसऱ्या झेपेपर्यंत पुरते, दहाव्यापर्यंत पुरत नाही.

म्हणून मरळाचा पहिला क्षण गोड्या पाण्यातल्या कठीण क्षणांपैकी एक असतो. बेडकासारखे आमिष पाण्यावरून सरकते, पाणी फाटते, काठी वाकते आणि मासा थेट झाडोऱ्यात शिरतो. तिथे तो डोके झाडतो, तंगूस देठांभोवती गुंडाळतो. खुल्या पाण्यात आणला तर मात्र अर्ध्या मिनिटात त्याचा जोर ओसरतो. मरळ ‘फार झुंजतो’ असे सांगणारे गळवाले खरे तर मरळाबरोबर झाडोऱ्याशीही झुंजलेले असतात. तरीही झाडोरा मरळाचा स्वतःचा आहे, आणि त्याचा वापर करण्याची हुशारीही त्याचीच. ती तुलनेतून वगळणे अन्यायाचे होईल.

1952 मध्ये भारतात आलेला तिलापिया अंगाने लहान पण खोलगट, पानासारखा रुंद. हा रुंदपणा तो पाण्याला आडवा करतो आणि गोल गोल फिरतो. अर्ध्या किलोचा तिलापिया बारीक तंगुसावर एक किलोच्या माशाचा भास देतो.

तिसरा दिवस : नेहरू नगरात मुक्काम

हा दिवस पाण्यापासून दूर, पण विषयाच्या गाभ्याजवळचा. माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. कातडीखाली, अंगाच्या मध्यरेषेवर लाल स्नायूंची अरुंद पट्टी असते. ती ऑक्सिजनवर चालते आणि दिवसभर थकत नाही. उरलेले बहुतेक अंग पांढऱ्या स्नायूंचे. तो पलायनाचा साठा. साठवलेले ग्लायकोजेन ऑक्सिजनशिवाय जाळून तो काही मिनिटे भयंकर जोर देतो, पण अंगात लॅक्टिक आम्ल साचत जाते. ते निवळायला मग कित्येक तास लागतात. गळावरची झुंज हा मुख्यतः पांढऱ्या स्नायूंचा खर्च असतो.

मासा सोडून द्यायचा असेल तर इथला एक आकडा फार महत्त्वाचा. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात एका लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना तो जेमतेम साडेसात उरतो. उन्हाळ्यात मासा जास्त चपळ असतो आणि सावरायला मात्र त्याला हवा कमी मिळते. मे महिन्यात वीस मिनिटे दमवलेला मासा पोहत निघून जातो आणि तळाशी जाऊन मरतो. काठावरच्या माणसाला ते कधीच दिसत नाही. बारीक तंगूस वापरून झुंज लांबवण्यात कौशल्य आहे असे मानले जाते. ज्याला मासा सोडायचा आहे त्याने जाड तंगूस घ्यावा.

चौथा दिवस : नर्मदापुरम, सेठानी घाट

2022 पर्यंत होशंगाबाद म्हणून ओळखले जाणारे हे गाव नर्मदेच्या माशांच्या अभ्यासाचे जुने ठिकाण आहे. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1958 ते 1966 या काळात इथे नदीच्या मासेमारीची पाहणी केली. प्रजननाच्या काळात, 16 जून ते 15 ऑगस्ट, मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते.

घाटाखालच्या डोहात बिनखवल्यांचे मासे राहतात. शिवडा, इथला पढिन, लांबच लांब, चपटा. जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला आणि पोटाखालचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत पसरलेला. हा देखणा दरोडेखोर गळावर निराश करतो. एक दणकट झटका, तोंड उघडे ठेवून थोडी झटापट, मग उघड्या जबड्यात पाणी भरून तो नुसता ओढला जातो. शिंगाळा त्यापेक्षा चिवट. तो तळ सोडत नाही आणि डोके झाडत राहतो.

गूंचची गोष्ट निराळी. त्याचा वाताशय अगदी लहान, पोट सपाट, छातीचे पर आडवे. तो प्रवाहात खडकाला चिकटून बसतो. गळ दगडात अडकला असे वाटून माणूस तंगूस कापायला निघतो आणि तेवढ्यात दगड हलतो. इतर माशांत जाणवत नाही ते खरे वजन गूंचमध्ये जाणवते.

पाचवा दिवस : बांद्राभान, तवा-नर्मदा संगम

संगमाच्या गोट्यांवरून धावणारे पाणी महाशीराचे. निमाडकडे त्याला बाडस म्हणतात. नर्मदेतली मुख्य जात टॉर टॉर. 2011 मध्ये महाशीराला मध्य प्रदेशचा राज्यमासा घोषित करण्यात आले. खवले मोठे, ओठ मांसल, जबड्यात दात नाहीत पण घशात आहेत आणि त्यांनी तो शिंपले-गोगलगायी फोडतो. कमकुवत गळाचा काटा तो तोंडात चेपून टाकतो.

त्याची ओढ इतरांपासून वेगळी का, याचे उत्तर पाण्यात आहे. जो मासा जन्मभर ओढीच्या पाण्यात तोंड वर करून उभा राहतो, त्याचे अंग निमुळते आणि शेपूट खोल दुभंगलेली, ताठ असते. गळ टोचताच तो सगळा साठा पहिल्याच धावेत ओततो, बहुधा प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे नदीही त्याच्या बाजूने ओढते. ‘द रॉड इन इंडिया’ या 1873 च्या पुस्तकात हेन्री सलिव्हन थॉमस यांनी या पहिल्या धावेलाच सॅमनच्या वर ठेवले होते. समान वजन, समान पाणी ही अट लावली तरी महाशीर पहिला राहतो. संथ तळ्यात सोडलेला महाशीर मात्र रोहूहून फार पुढे जात नाही.

मराठी मुलखाचा या माशाशी जुना संबंध आहे. कर्नल विल्यम सायक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून दख्खनी महाशीराचे वर्णन केले आणि स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ म्हटले. लोणावळ्याजवळच्या वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पैदास होऊ लागली आणि तिथली पिले दूरवर, कावेरीतही, गेली. कावेरीत हा पाहुणा फोफावला आणि तिथला स्वतःचा उंच पाठीचा महाशीर अतिसंकटग्रस्त ठरला. 1946 मध्ये दक्षिणेत 120 पौंडांचा महाशीर गळाला लागला होता. त्या मापाचे मासे आता दिसत नाहीत.

नर्मदेवर धरणे उभी राहिली तसे वाहते पाणी जलाशयांत थबकले आणि गोट्यांचे उथळ पट्टे, ज्यांवर महाशीर अंडी घालतो, खोल पाण्याखाली गेले. तवा जलाशयात जाळ्यात प्रामुख्याने कटला येतो. बांद्राभानला प्रवाह अजून वाहता आहे, आणि पहाटे गोट्यांवर पाणी पातळ असताना मोठे खवले तिथे क्षणभर चमकून जातात.