पडद्यावरचे १७९

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे का? असेल तर तो कुठे आहे? वर्गात टांगलेला, की मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद? आमचा वर्गात आहे, आणि त्याच्या पडद्यावर घडलेली एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. गोष्ट गणिताची आहे. पण घाबरू नका, बेरीज येत असली की पुरे!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवते. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी गावांनी लोकवर्गणी काढून आपापल्या शाळा 'डिजिटल' केल्या. आमच्या गावानेही केली. कुणी ५०० रुपये दिले, कुणी १००. एका आजींनी तर आठवड्याचे दुधाचे पैसे आणून टेबलावर ठेवले. त्यातून लॅपटॉप आला, प्रोजेक्टर आला, गुंडाळता येणारा पांढरा पडदा आला. पहिल्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं होतं!

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. प्रोजेक्टरचं बटण दाबण्याआधी मी स्वतःला विचारते, आज हे यंत्र लावलं नाही तर मुलांचं काही अडेल का? अडणार नसेल, तर मी ते लावत नाही. दुधाचे पैसे आहेत ते!

आता तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "बाई, व्हिडिओ तर छानच असतात की!" असतात ना. बालभारतीच्या अनेक पुस्तकांत तुम्ही ती काळी-पांढरी चौकोनी खूण पाहिली असेल, क्यूआर कोड म्हणतात तिला. ही खूण जपानमध्ये १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली, आणि तीसुद्धा मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला! सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती पुस्तकाच्या पानांवर आणली. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. घरी बसून एखादी कविता पाच वेळा ऐकायची असेल, तर त्या खुणेसारखी सोय नाही. पण वर्गात चाळीसजण व्हिडिओ बघायला बसले की काय होतं, सांगू? हाताची घडी, तोंडावर बोट! इतका शांत वर्ग दुसऱ्या कुठल्याच तासाला नसतो. आणि गणिताच्या तासाला इतकी शांतता मला काही बरी वाटत नाही.

मला आवडतं ते दुसरंच. त्याचं नाव जिओजेब्रा. भूमिती आणि बीजगणित यांच्या इंग्रजी नावांची ही जोडगोळी. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्याने २००१ साली आपल्या अभ्यासाचा प्रकल्प म्हणून हा प्रोग्रॅम बनवायला घेतला. तो शाळांना फुकट मिळतो, आणि एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतला की इंटरनेट नसलं तरी चालतो.

त्यात काय करता येतं? फळ्यावर मी खडूने त्रिकोण काढला, तर तो एकच त्रिकोण असतो. दुसरा हवा तर पुसा आणि पुन्हा काढा. जिओजेब्रात काढलेल्या त्रिकोणाचा शिरोबिंदू मात्र माउसने पकडायचा आणि ओढायचा. त्रिकोण लांब होतो, चपटा होतो, कलंडतो, आणि त्याच्या कोनांची मापं शेजारी धडाधड बदलत जातात. एका मिनिटात शंभर त्रिकोण! खडूला हे कधी जमलं असतं का?

तर एकदा आठवीच्या वर्गात मी हा त्रिकोण पडद्यावर लावला. शेवटच्या बाकावरूनही आकडे दिसावेत म्हणून कोनांची मापं फक्त पूर्ण अंशांत दाखवायला सांगितली होती, दशांश चिन्हानंतरची घरं काढून टाकली होती. त्यामुळे कधीतरी एक गंमत होणार हे मला ठाऊक होतं. ती कुणाच्या लक्षात येते, तेवढं बघायचं होतं. मुलं एकेक करून पुढे येत होती, शिरोबिंदू ओढत होती आणि बाकीच्यांनी तिन्ही कोन वहीत लिहून बेरीज करायची होती.

"किती आली?"

"एकशे ऐंशी!" सगळा वर्ग एका सुरात. येणारच! त्रिकोणाच्या तिन्ही कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश, हे सहावीपासून पाठ आहे.

पुढचा त्रिकोण. ५९, ६० आणि ६०.

"किती?"

"एकशे ऐंशी!"

मी बाकांमधून फिरायला लागले. बहुतेकांनी बेरीज केलीच नव्हती, नुसतं १८० लिहून टाकलं होतं. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. फार बोलत नाही, हातही वर करत नाही. तिच्या वहीत ५९ + ६० + ६० असं नीट मांडलेलं होतं आणि पुढे १८०. पण त्या १८० च्या खालचा कागद खरखरीत झाला होता. खोडरबराने खोडलेलं होतं ते. मी वाकून बघितलं, तर पुसट १७९ दिसत होते.

"अगं, हे का खोडलंस?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, माझं चुकलं."

"बेरीज पुन्हा करून बघ बरं."

तिने बोटांवर केली. "एकशे एकोणऐंशीच येतात. पण कम्प्युटर कसा चुकेल?"

बालमित्रांनो, वर्गात मुलं चुकतात याचं मला कधीच वाईट वाटत नाही. पण ही चुकली नव्हती! चाळीसांच्या वर्गात खरीखुरी बेरीज करणाऱ्या थोड्या मुलांपैकी ती एक होती. तिचं उत्तर बरोबर होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने खोडलं होतं. पडद्यावर चुकीचं येणार नाही, वर्ग एवढ्या मोठ्याने चुकीचं ओरडणार नाही, म्हणजे चूक उरली कोणाची? आपलीच! त्या खोडलेल्या १७९ नी मला दोन दिवस झोप लागू दिली नाही.

मी तिला पुढे बोलावलं आणि फळ्यावर बेरीज करायला लावली. ५९ अधिक ६० अधिक ६०, बरोबर १७९. वर्गात एकच गलका झाला. "बाई, कम्प्युटर बिघडला!" "व्हायरस असेल!" "वायर हलली असेल!" एकजण तर प्रोजेक्टरची वायर हलवून बघायला उठलाही!

कुणी ती वायर ओढण्याआधी मी दशांशाचं एक घर चालू केलं. आता त्याच त्रिकोणाचे कोन दिसले ५९.४, ६०.३ आणि ६०.३. करा बेरीज! आली ना १८०? म्हणजे संगणकाने प्रत्येक कोन जवळच्या पूर्ण अंकात लिहिला होता. ५९.४ चे ५९ झाले, ६०.३ चे ६० झाले, आणि तिन्ही कोनांतून थोडं थोडं गळून मिळून एक अख्खा अंश हरवला. संगणक खोटं बोलला नव्हता. त्याला जेवढं दाखवायला सांगितलं, तेवढंच त्याने दाखवलं होतं.

मग तर काय, मुलांना चेवच चढला. पुन्हा पूर्ण अंश लावले आणि जो तो १७९ ची शिकार करायला लागला. १८१ सुद्धा सापडले. फळ्यावर खुणा केल्या. चाळीस त्रिकोणांत सहा वेळा १७९, पाच वेळा १८१ आणि बाकी २९ वेळा १८०. साधारण चारांत एकदा बेरीज बिनसते, आणि हिशेबानेही तसंच यायला हवं. तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, १७८ का येत नाही?"

काय सुरेख प्रश्न! तुम्ही इथे थांबा आणि विचार करा. पुढची ओळ वाचू नका.

केलात विचार? हे बघा, एक कोन पूर्ण अंकात लिहिताना फार तर अर्धा अंश इकडे-तिकडे होतो. तीन कोनांचे मिळून फार तर दीड अंश. दोन अंश हरवणार कुठून? म्हणून १७८ येत नाही. वर्तमानपत्रात कधी टक्क्यांचा तक्ता दिसला, तर त्याची बेरीज करून बघा. पुष्कळदा ती ९९ किंवा १०१ येते. कारण हेच. तुमच्या बाबांना दाखवा, तेही चकित होतील!

दशांशाची दोन घरं लावली तर प्रश्न सुटतो का? नाही. मग कधीतरी १७९.९९ येतं. घरं कितीही वाढवा, कुठेतरी काहीतरी कापलं जाणारच. कोनमापकाने वहीत मोजलं तर आणखी पंचाईत. पेन्सिलीची रेघच जाड, त्यामुळे कुणाचे १७८, कुणाचे १८२. मग मुलंच म्हणाली, "बाई, मोजून नेमके १८० मिळायची खात्री नाही, तर १८० आहेत हे कळलं कुणाला आणि कसं?"

या प्रश्नासाठी मला पडद्याची गरज नव्हती. मी खडू घेतला. त्रिकोणाच्या वरच्या टोकाला 'अ' म्हणू, खालच्या दोन टोकांना 'ब' आणि 'क'. आता 'अ' मधून खालच्या बाजूला समांतर अशी एक रेघ मारा. वहीत खरंच मारा हं! 'अ' पाशी त्या रेघेखाली तीन कोन शेजारी शेजारी झाले. मधला तर त्रिकोणाचाच. डावीकडचा आहे 'ब' च्या कोनाएवढा आणि उजवीकडचा 'क' च्या कोनाएवढा, कारण ते व्युत्क्रम कोन. आणि तिन्ही मिळून काय झालं? सरळ रेघ! म्हणजे १८० अंश. ना कमी ना जास्त, आणि एकही कोन न मोजता. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ग्रंथात समांतर रेघेचाच आधार घेऊन हे सिद्ध केलं. त्याच्यापाशी कोनमापकही नव्हता आणि लॅपटॉपही नव्हता!

हे झाल्यावर मात्र मी पुन्हा जिओजेब्राकडे गेले. तीच समांतर रेघ पडद्यावर काढली आणि तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीच्या हातात माउस दिला. ती 'अ' ओढत राहिली. त्रिकोण कसाही वेडावाकडा झाला तरी डावीकडचा कोन 'ब' च्या कोनाबरोबर बदलत होता आणि उजवीकडचा 'क' च्या कोनाबरोबर. इथे यंत्राचं मोल कळतं. फळ्यावरची सिद्धता एकाच आकृतीची वाटते, ती साऱ्या त्रिकोणांना कशी लागू पडते हे डोळ्यांना दिसलं ते पडद्यावर. पण आधी फळा, मग पडदा. मला विचाराल तर क्रम असाच हवा. नववी-दहावीच्या भूमितीच्या पुस्तकांतही जिओजेब्रा वापरून बघा असं सुचवलेलं असतं. पुष्कळ वर्गांत ती ओळ वाचून पान उलटलं जातं, ही गोष्ट वेगळी!

माउस ठेवताना तिने विचारलं, "बाई, समांतर रेघ काढताच आली नाही तर?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल खाली काढला आणि दोऱ्याचे तुकडे दिले. उत्तर ध्रुवावरून एक दोरा सरळ विषुववृत्तापर्यंत, दुसरा दोरा तिथून पाव वर्तुळ दूर असलेल्या रेखावृत्तावरून, आणि तिसरा विषुववृत्तावरून या दोघांना जोडणारा. झाला त्रिकोण! पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा प्रत्येक टोकाला लावून बघितला. तिन्हीकडे ९०. बेरीज २७०!

"पण अक्षवृत्तं समांतर असतात की!" एक हुशार मुलगा म्हणाला. मग आम्ही एकाच अक्षवृत्तावरच्या, एकमेकांपासून लांब असलेल्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला. ताणलेला दोरा अक्षवृत्तावर राहायला तयारच होईना, ध्रुवाकडे सरकला. गोलावरची 'सरळ' रेघ म्हणजे असा ताणलेला दोरा, आणि असे दोन दोरे पुढे वाढवत नेले की कुठेतरी भेटतातच. समांतर रेघ नाही, म्हणून आपली ती सिद्धताही तिथे चालत नाही. घंटा झाली तरी कुणी उठेना.

पृथ्वीगोल घरी नसेल, तर एक गोल संत्रं घ्या. आईकडून किंवा बाबांकडून ते बरोबर मधोमध आडवं कापून घ्या. वरच्या अर्ध्या सालीला देठापासून खाली चार सारखे छेद द्या आणि एक तुकडा अलगद सोडवा. त्याची तिन्ही टोकं वहीच्या कोपऱ्याला लावून बघा. मग तो टेबलावर तळव्याने दाबून सपाट करायला जा, आणि कुठून फाटतो ते वहीत लिहून ठेवा. फोडी खाल्ल्यात तरी चालतील!