अक्षरे कोणाच्या ताब्यात?

जुलै 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘नायरा एनर्जी’च्या सेवा एकाएकी थांबवल्या, तेव्हा आमच्या गोरेगावच्या महाविद्यालयातील स्टाफरूमही तापली होती. मुंबईत मुख्यालय आणि वाडिनारला वर्षाकाठी 2 कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना असलेली ही कंपनी. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचे 49.13 टक्के भांडवल, म्हणून युरोपीय संघाने निर्बंध लादले आणि पैसे भरलेली ईमेलसुद्धा बंद पडली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिना संपता संपता सेवा पूर्ववत झाल्या. मधल्या काळात तिने पत्रव्यवहारासाठी रेडिफचा आसरा घेतला. एवढा कारभार एकाच विक्रेत्याच्या हाती सोपवताना कोणी विचार केला नसेल काय, असे मराठी विभागातले आम्ही दोघे मोठ्या हिरिरीने विचारत होतो.

त्याच आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. आरे वसाहतीतल्या पाड्यावरची ही मुलगी. 2008 साली तिने आजीकडून ऐकलेली वारली गाणी आणि शब्द वहीत उतरवून वार्षिकांकासाठी दिले होते. अंकात दोन पानांपुरतीच जागा निघाली. उरलेला मजकूर पुढच्या वर्षी घेऊ म्हणालो, आणि पुढच्या वर्षी संपादक बदलले. आता ती स्वतः शिक्षिका आहे.

“सर, आजी गेली. ते सगळं तुमच्याकडे असेल ना?”

सीडी होती. (आम्ही सीडी जपतो, याचा आम्हाला अभिमानही होता.) फाइल उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. त्या काळच्या मराठी फॉन्टांत प्रत्येक उत्पादकाची अक्षरांची मांडणी निराळी असे. एकाचा ‘क’ जिथे, तिथे दुसऱ्याचा काना. तो फॉन्ट संगणकाला डाँगल लावल्याखेरीज चालत नसे आणि डाँगल ज्याच्याकडे होते, त्या स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याचे दुकान केव्हाच बंद झाले आहे.

पर्याय नव्हता, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे; विंडोज 2000 मध्येही तिची सोय होती. आमच्याच एका विद्यार्थ्याने तेव्हा ते सुचवले होते. पण ऑपरेटरची सवय मोडेल, अंक लांबेल, आणि सगळेच हा फॉन्ट वापरतात, एवढ्यावर आम्ही विषय संपवला. नायराला निदान न्यायालयात जाता आले.

ओळखीच्या एका मुलाने परिवर्तकातून मजकूर काढून दिला. जोडाक्षरे फुटलेली, वेलांट्या भलतीकडे. प्रमाण मराठीतली वाक्ये आम्ही तासाभरात दुरुस्त केली. वीस वर्षांच्या अध्यापनाचा तेवढा उपयोग. वारली शब्दांपाशी मात्र हात थांबला. तिथे मूळ शब्द काय असेल याचा अंदाज करायला आमच्यापाशी काहीच नाही. असे चाळीसएक शब्द पेन्सिलीने कागदावर उतरवून ठेवले आहेत. येत्या रविवारी ती आपल्या आत्याला घेऊन येणार आहे. आत्याला काही गाणी आठवतात म्हणे.

मजकूर संगणकावर चढला, आता कशाला हवी, म्हणून वही त्याच वर्षी कपाट आवरताना रद्दीत गेली. वहीबद्दल तिने अजून विचारलेले नाही.