दुखते कुठे?

सोयरीक मोडली तर गावात निदान चार माणसे हळहळतात. सुपारी फुटलेली असते; काय मोडले हे सर्वांना ठाऊक असते. माणूस गेले तर त्याहून मोठी व्यवस्था : दहावा आहे, तेरावा आहे, शेजारघरचे पिठले-भाकरी आहे. पण दोघांनी आपसात जमवलेले आणि आपसातच तुटलेले जे प्रेम, त्याला ना सुतक, ना पिठले. त्याचा शोक करायचा कुठे?

माझी भाची हा प्रश्न घेऊनच गेल्या मार्गशीर्षात पुण्याहून मिरजगावला आली. चार वर्षांची ओळख होती. तिने एका वाक्यात सांगितले. मीही दुसरे विचारले नाही. आमचे गाव नगर-सोलापूर रस्त्यावरचे. रात्रभर मालमोटारी धावतात, पण आमची झोप मोडत नाही. त्या दिवसांत मात्र मला जाग येई, आणि माजघरात ती भिंतीला टेकून बसलेली दिसे.

तिसऱ्या पहाटे तिने सतरंजी अंथरली, लोड पाठीखाली घेतला आणि हात पसरून उताणी पडली. मग पाय भिंतीला लावून कितीतरी वेळ तशीच. शीर्षासनाची चित्रे पाहून योगाची धास्ती घेणाऱ्यांना हा आळसच वाटेल! पण १९३७ साली पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, दोऱ्या, लाकडी ठोकळे यांचा आधार देऊन दुखऱ्या शरीरालाही आसन साधेल अशी सोय केली, त्याच घराण्यातले हे. त्याआधी १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत आणले होते. आणि पतंजलींनी तर दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास यांना एकाच पंक्तीत बसवले आहे! उच्छ्वास सावकाश लांबवला की हृदयाची गती मंदावते, असे आजचे शरीरशास्त्र सांगते. दुखावलेल्या मनाची समजूत घालणे कठीण. श्वास बिचारा ऐकतो.

"याने विसरायला होतं का गं?" मी एकदा विचारले.

"विसरायला नाही, मावशी. रडायला होतं."

खरेच, छाती मोकळी झाली की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे. मग ती तोंड धुई, सतरंजीची घडी घाली आणि चहा मागे.

"पोरगी पहाटे काय करते?" शेजारणी विचारीत. "पाठ दुखते तिची," मी सांगे. पाठीला गावाची ना नसते. पाठ दुखली तर तेल येते, शेकायला विटकर येते. काळीज दुखले तर चौकश्या येतात. वास्तविक काळीज दुखणे ही नुसती बोलण्याची रीत नव्हे. जबर धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ खरोखरच दुबळा होऊ शकतो; जपानी डॉक्टरांनी त्या विकाराला ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून 'ताकोत्सुबो' असे नाव दिले आहे. असे दुखणे हटेनासे झाले, तर डॉक्टरांकडे जाण्यात कसला कमीपणा?

संक्रांतीच्या सुमारास आम्ही शेतावर हुरड्याला गेलो. पंधरा दिवस अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या पोरीने दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली. मी काही बोलले नाही. गरम कणसे चोळीत राहिले.

ती पुण्याला गेली, सतरंजी माझ्याकडे राहिली. आता पहाटे शेजारच्या दोघी येतात. एकीचे गुडघे दुखतात, दुसरीची कंबर. लोडावर पडल्या पडल्या एखादीचे डोळे भरून येतात. खरे काय दुखते ते मी विचारीत नाही; चहा मात्र तिघींचा टाकते.