कोऱ्या पानावरची सही

माझ्या वहिनींची सही खरी होती, तारीख खरी होती. सहीच्या वर लिहिलेला ठराव मात्र त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बाहेरकाठा सुस्थितीत आहे, ग्रामस्थांची काही तक्रार नाही, ठराव सर्वानुमते मंजूर. मे महिन्याच्या ग्रामसभेचं हे इतिवृत्त. जुलैच्या उधाणात त्याच काठ्याला खांड गेली आणि चार घरांच्या भातात खारं पाणी शिरलं. दोन वर्षं झाली, तरी ते ‘सर्वानुमते’ आठवलं की माझ्या मुठी वळतात.

खारेपाट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाडी आणि शेत यांच्यामधला मातीचा बांध म्हणजे बाहेरकाठा, त्याला पडलेलं भगदाड म्हणजे खांड. पूर्वी घरटी माणूस देऊन गावच खांड बुजवायचं, त्याला जोळ म्हणत. आता ते काम सरकारी खात्याचं, आणि खात्याकडे जायचं तर हातात ग्रामसभेचा ठराव हवा.

2 ऑक्टोबरच्या सभेत वहिनी उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हातात खाऱ्या पाण्याने गेलेल्या भाताच्या रोपांची एक जुडी. “भाऊसाहेब, मे महिन्याच्या सभेची वही वाचून दाखवा.” ग्रामसेवक म्हणाले, “ताई, वेळ नाही, पुढचे विषय आहेत.” त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. सरपंच म्हणाले, नंतर कार्यालयात येऊन बघा. त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं, आवाज न चढवता. मग वही उघडली गेली, घाईघाईने वाचली गेली, आणि ‘तक्रार नाही’ हे शब्द आले तेव्हा देवळाच्या मंडपात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“मी सही केली तवा पान कोरा व्हता,” वहिनी म्हणाल्या.

कुणी काही बोललं नाही. साठ-सत्तर माणसं बसलेली, त्यातल्या निम्म्यांच्या सह्या त्याच पानावर. मी तिसऱ्या रांगेत होतो, माझीही सही होती. माझी मान खाली होती.

आमचं गाव रायगड जिल्ह्यातल्या चरीच्या शेजारचं. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरीत शेतकऱ्यांनी ठरवलं, खोतांची जमीन कसायची नाही. पंचवीस गावं त्यात उतरली. पुढारी नारायण नागू पाटील. हा संप 1939 पर्यंत चालला. तोवर शेतं पडीक राहिली. डिसेंबर 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले, 1937 मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. 1939 चा कुळकायदा आला, पुढे 1948 चा आला, तोवर माझ्या पणजोबांचे केस पिकले होते. दरवर्षी 27 ऑक्टोबरला भाषणं होतात, हार घातले जातात. खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा होता. नव्वद वर्षांपूर्वीच्या संपाने आजच्या खांडीत मातीची एक पाटीसुद्धा पडत नाही, असं मी वहिनींनाच ऐकवलं होतं.

वहिनींकडे चरी आली ती भाषणांतून नाही. माझी आजी त्यांची आजेसासू. मासळी साफ करायला दोघी मागच्या पडवीत बसत, तेव्हा आजी सांगायची. संपात ती सात-आठ वर्षांची होती. तिची आई पहाटे लाकडाची मोळी घेऊन पोयनाडच्या बाजाराला चालत जायची. मोळी विकली गेली तर तांदूळ, नाही तर खाडीतल्या निवट्या आणि चिंबोऱ्या. खोताचा माणूस कबुलायतीचा कागद घेऊन दारात यायचा. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, एवढंच कळत होतं की अंगठा उमटला की आपण संपलो. आजी सांगायची, तिच्या बापाने अंगठा मुठीत धरला आणि तो माणूस आळीतून जाईपर्यंत मूठ उघडली नाही. हे सांगताना माशाच्या खवल्यांनी माखलेली स्वतःची मूठ ती वहिनींपुढे धरायची.

2008 मध्ये जमिनीचा प्रश्न पुन्हा आला. पेण तालुक्यातल्या 22 गावांत महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन देण्याबद्दल सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं, 21 सप्टेंबरला. त्याआधीची दोन-तीन वर्षं एन. डी. पाटलांसारखे नेते इथल्या माणसांबरोबर रस्त्यावर होते. तो प्रकल्प उभा राहिला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आता या जिल्ह्यातला माणूस न वाचता कशावरच सही करणार नाही.

पण सह्या होतातच. हजेरीची सही करायची, पान पुढे सरकवायचं, मजकूर मागाहून भरला जातो. गणपूर्तीला शंभर किंवा 15 टक्के मतदार, जे कमी असेल ते, लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून तहकूब सभेला तरी जाच. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, इतिवृत्ताची नक्कल मागा, तीस दिवस मोजा.

वहिनींनी असाच अर्ज केला. 2 ऑक्टोबरच्या त्या सभेतून अकरा बायका त्यांच्याबरोबर उठून कार्यालयाच्या पायरीवर बसल्या, दिवेलागणीपर्यंत. पुरुष चौघेच, मी त्यांतला नव्हतो. आठवणीने धीर येतो म्हणावं, तर त्या पणजोबांचं रक्त माझ्यात, वहिनी लग्न होऊन आलेल्या. आजीची मूठ मीही पाहिली होती. तरी मी का उठलो नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कदाचित मी ती गोष्ट म्हणून ऐकली असेल आणि वहिनींनी सूचना म्हणून.

दुरुस्तीचा ठराव नोव्हेंबरमध्ये झाला, खांड निम्मीच बुजली. गेल्या उधाणात पाणी पुन्हा आलं, गुडघ्याऐवजी घोट्यापर्यंत.

आता प्रत्येक सभेला वहिनी घरचं पेन नेतात. हजेरीचं पान पुढे आलं की आधी वर-खालच्या कोऱ्या जागेत एक तिरपी रेघ ओढतात, टोकापासून टोकापर्यंत. मग सही करतात आणि पान माझ्याकडे सरकवतात.